तंबू विकावेत, साक्ष विकू नये



गेली सहा वर्षे मी पैसे घेऊन लिहिते. या पानावर येणाऱ्यांना मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी, मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार करणारी बाई म्हणून ठाऊक आहे. ते काम रविवारचे, आणि त्याला मोबदला नाही, नसावाही. पण सोमवार ते शनिवार, दुपारची भांडी आवरली की मी लॅपटॉप उघडते आणि दुसऱ्यांसाठी लिहायला बसते. ‘पावसाळ्यात केसांची निगा’, ‘विम्याचा हप्ता ऑनलाइन कसा भरावा’, ‘मुलांच्या डब्यासाठी सात पदार्थ’ असे विषय असतात. श्रावणातल्या उपवासाच्या पाककृतीही मी लिहिल्या आहेत, आणि लिहिण्याआधी घरी करून पाहिल्या आहेत. लेखाखाली माझे नाव नसते. शब्दाला ४० पैसे मिळतात. ७०० शब्दांचा लेख म्हणजे २८० रुपये.

आमच्या युवा गटात हल्ली हा विषय वारंवार निघतो. बी.ए., बी.कॉम. होऊन घरी बसलेली मुले विचारतात, “टीचर, लिहून खरंच पैसे मिळतात का? आणि मिळत असले, तर आपण हे काम करावं का?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: मिळतात, थोडे मिळतात, कधी बुडतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी येथे सविस्तर लिहिते, कारण ते रविवारच्या वर्गानंतर पाच मिनिटांत उभ्याउभ्या देण्यासारखे नाही.

आधी हे काम चालते कसे ते सांगते. आपण मोबाईलवर काही शोधतो, समोर एखादा लेख येतो, लेखाच्या बाजूला जाहिराती असतात. त्या जाहिरातींचे पैसे संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात. गुगलने २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’ ही जाहिरातींची सोय सुरू केली, तेव्हापासून हा धंदा जगभर पसरला. जितके लेख जास्त, तितके वाचक जास्त, तितक्या जाहिराती जास्त. म्हणून मालकाला लेख हवे असतात, पुष्कळ आणि स्वस्त. अमेरिकेत तर लेखांचे अक्षरशः कारखाने निघाले. लोक त्यांना ‘कंटेंट फार्म’ म्हणू लागले. अशा पोकळ लेखांना शोधात मागे ढकलण्यासाठी गुगलला फेब्रुवारी २०११ मध्ये आपली पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे हिंदी-मराठीत ही लाट उशिरा आली, स्वस्त इंटरनेट घरोघरी पोहोचल्यावर. लेख लिहिणारा माणूस या साखळीत सगळ्यांत शेवटी असतो. त्याला शब्दामागे पैसे, तेही पैशांतच.

आता आमच्या गावाविषयी दोन शब्द, कारण लिहून पोट भरणे या गावाला नवीन नाही. मी राहते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली, आणि छावणीचेच गाव होऊन त्याला ‘लष्कर’ हे नाव पडले. त्या फौजेबरोबर शिपाई आले तसे कारकून आणि चिटणीसही आले. दुसऱ्याच्या वतीने, दुसऱ्याच्या शिक्क्याखाली मोडीत पत्रे लिहिणे हाच त्यांचा चरितार्थ. पुढे कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे याच ग्वाल्हेरचे राजकवी झाले, आणि १९४१ मध्ये येथेच वारले. राजदरबार गेले, दप्तरे गेली, बाजाराची नावे मात्र मराठी सरदारांची राहिली. आमच्या घरातली मराठीही राहिली, थोडी हिंदीच्या चवीची. आमच्या धर्मग्रामात मिस्सा हिंदीत होते आणि मराठी बोलणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पण दोन्ही भाषा येतात म्हणूनच मला हे काम मिळाले. हिंदी लेखावरून मराठी लेख तयार करणारी माणसे हवी होती. जिवाजी विद्यापीठाची बी.ए. ची पदवी इतकी वर्षे कपाटात होती, ती अशी उपयोगाला आली.

काही जण म्हणतात, शब्द ही देवाची देणगी, ती विकायची कशी? या प्रश्नात भक्ती आहे, पण पवित्र शास्त्राचा आधार तितकासा नाही. पौलाकडे पाहा. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण दोघांचा आणि त्याचा धंदा एकच, तंबू करण्याचा (प्रेषितांची कृत्ये १८:१-३). तो दिवसा कातड्याला आणि कापडाला टाके घालत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. करिंथकरांना तो स्वतः सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर उपजीविका करण्याचा हक्क आहे, पण तो हक्क त्याने वापरला नाही (१ करिंथ ९:१४-१८). म्हणजे त्याचे दोन व्यवहार होते. तंबूचे पैसे तो घेत होता. सुवार्तेचे घेत नव्हता. आणि पहिल्यामुळेच दुसरे शक्य होत होते.

माझ्या घरी हे मी रोज अनुभवते. शब्दाला ४० पैसे मिळतात म्हणून मुलीच्या हॉस्टेलची फी भरताना हात थरथरत नाही, आणि म्हणून रविवारी मी मोकळ्या मनाने चर्चमध्ये उभी राहू शकते. केसांची निगा आणि विम्याचा हप्ता हे माझे तंबू आहेत. तंबूला ऊन-पावसात कुणाला तरी निवारा द्यायचा असतो, म्हणून टाका नीट घालायचा. विम्याच्या हप्त्याची माहिती चुकीची गेली तर वाचणाऱ्याचे पैसे अडकतात. ती बरोबर लिहिणे ही माझी त्या दिवसाची भक्ती.

आणि नाव नसण्याचे काय? मुले विचारतात, “टीचर, तुम्ही लिहिता आणि नाव दुसऱ्याचं, वाईट नाही वाटत?” त्यांना मी तर्तियाची ओळख करून देते. रोमकरांस लिहिलेले पत्र आपण पौलाचे म्हणून वाचतो. पण कागदावर लेखणी चालवली ती तर्तिय नावाच्या माणसाने. सोळा अध्याय तो दुसऱ्याचे शब्द लिहीत राहिला, आणि अगदी शेवटी एका ओळीत त्याने स्वतःचा सलाम घातला (रोमकरांस १६:२२). त्याला मजुरी मिळाली की नाही, शास्त्र सांगत नाही. पण विश्वास आणि कृपा यांवर दोन हजार वर्षे ज्या पत्राने मंडळीला उभे केले, ते पत्र एका लिहिणाऱ्याच्या हातून उतरले. नाव मागे राहणे ही काही लाजेची गोष्ट नाही.

मग अडचण कुठे आहे? ती सांगते.

दोन वर्षांपूर्वी ज्या एका ठिकाणासाठी मी नियमित लिहीत होते, तेथून एक नवे काम आले. विषय होता मधुमेहावरचा एक काढा. दर दुप्पट, शब्दाला ८० पैसे. सोबत सूचना होत्या: लेख पहिल्या पुरुषी लिहायचा, लिहिणारी ५८ वर्षांची ग्वाल्हेरची गृहिणी दाखवायची, तिला बारा वर्षांचा मधुमेह, तीन महिने काढा घेतला, साखर उतरली, इंजेक्शने सुटली. शेवटी काढा मागवण्याची लिंक. असे सहा लेख हवे होते, सहा वेगवेगळ्या गावांच्या सहा बायका.

आमच्या घरी सासूबाई आहेत. त्यांना मधुमेह आहे, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागते. सुई टोचून घ्यायचा त्यांना कंटाळा आहे, आणि मोबाईलवर कुणी काही पाठवले की त्या आशेने वाचतात. मी सूचना वाचल्या आणि पहिल्यांदा मनात आले ते हे की, असा लेख वाचणारी बाई अगदी माझ्या सासूबाईंसारखीच असेल. तिला वाटेल, माझ्याच गावची, माझ्याच वयाची, तिला गुण आला. आणि ती इन्सुलिन बंद करील.

मी त्यांनाच विचारले. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, “अगं, ही बाई आहे तरी कुठं? मला भेटव तिला.” मी म्हटले, “आई, बाई नाहीच. मीच लिहायची.” त्यावर त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “मग नको लिहूस. मी तर विश्वास ठेवला असता बघ.”

मी नकार कळवला. त्यानंतर मला त्या ठिकाणाहून काम आले नाही. आधीच्या बारा लेखांचे ३,३६० रुपये बाकी होते, त्यासाठी मी पाच वेळा मेल केली. पहिल्या दोन मेलना ‘लवकरच’ असे उत्तर आले, नंतर तेही नाही. त्या महिन्यात आमच्या घरी पैशांची ओढाताण झाली. यजमानांनी ओव्हरटाइम केला आणि मुलीने मोबाईलचा रिचार्ज लहान केला. नकार देणे फुकट पडत नाही, हे मुलांना खरे खरे सांगायला हवे, म्हणून लिहिते.

पुढे माहिती काढली तेव्हा कळले की हा केवळ माझ्या मनाचा प्रश्न नव्हता. आपल्या देशात १९५४ चा ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा आहे. काही ठरावीक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला तो मनाई करतो, आणि त्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे. फसव्या जाहिराती आणि शिफारशींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आले. अभिप्राय देणारा माणूस खरा असावा, पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय नसावेत, हा त्याचा गाभा. सरकारला मानक काढावे लागले, यावरूनच बाजारात काय चालले आहे ते समजते.

पण बंधुभगिनींनो, आपल्याकडे याहून जुना कायदा आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा. आम्ही तिला आठवी म्हणतो, आपल्यापैकी काही मंडळ्या नववी म्हणतात, आज्ञा एकच. लहानपणी आपण समजतो की ही आज्ञा कोर्टकचेरीची आहे. पण साक्ष म्हणजे काय? ‘मी पाहिले’, ‘मी घेऊन बघितले’, ‘मला गुण आला’ असे म्हणणे म्हणजे साक्ष. ऐकणारा आपल्या शब्दाच्या जोरावर पाऊल टाकतो. काढ्याची माहिती देणे वेगळे, आणि काढा मी प्याले असे म्हणणे वेगळे. पहिली मजुरी आहे. दुसरी साक्ष आहे, आणि जी गोष्ट घडलीच नाही तिची साक्ष आहे.

शुभवर्तमानात अशा कामाचे एक उदाहरण आहे, आणि ते पुनरुत्थानाच्या सकाळचेच आहे. कबरेवरच्या पहारेकऱ्यांपैकी काही जण नगरात गेले आणि घडलेले सगळे त्यांनी मुख्य याजकांना सांगितले. याजकांनी वडीलजनांबरोबर मसलत केली आणि शिपायांना पुष्कळ पैसे दिले. बदल्यात त्यांनी लोकांना सांगायचे होते की आम्ही झोपेत असताना शिष्यांनी येऊन देह चोरून नेला (मत्तय २८:११-१५). जरा थांबून विचार करा. झोपलेल्या माणसाला कोण आले, कुणी नेले, हे दिसेल कसे? पण पैसे मिळाले आणि शब्द पसरले. न पाहिलेल्याची साक्ष, आगाऊ रकमेवर. काढ्याच्या लेखाची मागणी मला पाठवणाऱ्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या धंद्याचा नमुना किती जुना आहे!

जुन्या करारात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आहे (१ राजे २१). ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का मारला, आणि दोन माणसे उभी करून नाबोथाविरुद्ध साक्ष देववली. नाबोथाला धोंडमार झाली, मळा राजाकडे गेला. त्या दोन माणसांची नावे शास्त्राने दिलेली नाहीत. तर्तियाचे नाव मात्र आहे. दोघेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून शब्द वापरत होते. एकाने खऱ्या माणसाचे खरे शब्द कागदावर उतरवले. दुसऱ्यांनी न ऐकलेले ऐकले म्हणून सांगितले. लिहिणाऱ्या मुलांनी या दोन कहाण्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला मनापासून वाटते.

आणि लिहून मिळालेल्या पैशाने केवढे काम उभे राहू शकते, तेही आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंना १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले. दुष्काळाने आईवडील आधीच नेले होते, पदरात एक वर्षाचीही नसलेली मनोरमा होती. त्याच वर्षी त्यांनी मराठीत ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि तेथेच त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत असताना १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची विक्रीही भारतातल्या विधवांसाठी काढायच्या शाळेच्या कामी आली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंतची पुढची वाट आपणा सर्वांना परिचित आहे.

रमाबाईंनी लेखणीचे पैसे घेतले, आणि ते घेताना त्यांना संकोच वाटण्याचे कारण नव्हते. कारण त्यांच्या लिहिण्यातले दुःख उसने नव्हते. पायी केलेला प्रवास, उपासमार, विधवांचे हाल हे सगळे त्यांनी पाहिले आणि भोगले होते. त्यांच्या शब्दावर परक्या देशातल्या लोकांनी विश्वास ठेवला तो या पाहिलेपणावर. पैसे घेऊन खरे बोलता येते. अडचण पैशात नसते, न पाहिलेल्याला पाहिलेले म्हणण्यात असते.

आता मजुरीविषयी, कारण उपदेश नेहमी मजुरालाच केला जातो आणि मालक सुटतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २४:१४-१५). शेते कापणाऱ्या कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोब लिहितो (याकोब ५:४). पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले, त्यात याकोबाच्या याच वचनाचा आधार घेतला आहे. आपल्या मंडळीत कुणी दुकानाचे, शाळेचे, संस्थेचे काम मुलांकडून लिहून घेत असेल, भाषांतर करून घेत असेल, पत्रक तयार करून घेत असेल, तर ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून त्याचे पैसे तटवू नका. आपल्या मुलाची मजुरीसुद्धा ओरडते.

जी मुले हे काम सुरू करू पाहतात त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली, काम देण्याआधी जो तुमच्याकडून ‘नोंदणी’ किंवा ‘अनामत’ म्हणून पैसे मागतो, त्याला नमस्कार करा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. अशा जाळ्यात टायपिंग आणि लेखनाच्या नावाखाली पुष्कळ मुले अडकतात, आणि मग त्यांना वकिलाच्या खोट्या नोटिशीची भीती दाखवतात. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

दुसरी, दर, मुदत आणि पैसे कधी मिळणार हे मेलवर लिहून घ्या. नव्या ठिकाणी दोन-तीन लेखांपुढे उधारी वाढू देऊ नका. माझी बारापर्यंत गेली होती, आकडा वर दिलाच आहे.

तिसरी, काही ठिकाणी मोबदल्यातून टीडीएस कापला जातो. तुमच्या पॅनवर तो जमा झाला की नाही ते पाहा. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळवता येते. तो तुमच्या घामाचा पैसा आहे.

चौथी, प्रत्येक काम घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: यात मी माहिती देते आहे की साक्ष? माहिती असेल तर ती पडताळून लिहा. साक्ष असेल तर ती गोष्ट तुम्ही खरोखर पाहिली, वापरली, अनुभवली आहे का? नसेल तर दर कितीही असो, नाही म्हणा. आणि नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी आपण मंडळी म्हणून उभे राहू या. एका महिन्याचे काम गेलेल्या मुलाला दुसरे काम शोधून देणे, त्याची फी थोडी पुढेमागे करायला मदत करणे, हेही प्रार्थनेइतकेच आवश्यक आहे.

शेवटी यंत्राविषयी. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले, आणि आमच्या कामाचे रूप बदलू लागले. आता मला पुष्कळदा यंत्राने लिहिलेला लेख पाठवतात आणि तो ‘माणसासारखा’ करून द्यायला सांगतात. दर निम्मा असतो. मुलांना काळजी वाटते की हे काम उरणारच नाही. काय उरेल ते मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट मला रोज दिसते. यंत्र मधुमेहाची माहिती क्षणात लिहिते, ‘मला गुण आला’ असेही सांगितल्यास लिहिते. पण त्याने काढा प्यायलेला नाही, त्याच्या बोटाला सुई टोचलेली नाही, त्याने साबुदाण्याची खिचडी करपवलेली नाही. शब्द आता फार स्वस्त झाले आहेत, उद्या आणखी होतील. ‘मी तेथे होते’ असे म्हणून उभे राहणारा माणूस मात्र स्वस्त होणार नाही. पुनरुत्थानाची वार्ता जगभर गेली ती सुंदर शब्दांमुळे नव्हे. काही बायका पहाटे कबरेपाशी गेल्या, त्यांनी पाहिले, आणि जे पाहिले ते सांगितले. त्यांना त्याचे कुणी काही दिले नाही. शिपायांना पुष्कळ दिले.

या आठवड्यात मनन करण्यासाठी मत्तय २८ वा अध्याय पूर्ण वाचावा. त्या एकाच सकाळच्या दोन साक्षी त्यात समोरासमोर आहेत. वाचून झाल्यावर स्वतःला विचारावे: या आठवड्यात मी जे जे पुढे पाठवले, लिहिले, सांगितले, त्यातले किती मी स्वतः पाहिले होते? हा प्रश्न केवळ लेख लिहिणाऱ्यांचा नाही. मोबाईलवर ‘फॉरवर्ड’ करणारा प्रत्येक जण आता लिहिणारा झाला आहे. मनुष्याने उच्चारलेल्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय १२:३६). शब्दाला ४० पैसे हा माझ्या मालकाचा हिशेब. दुसरा हिशेब त्याहून बारीक असेल.

प्रार्थना:

हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी वाढलास, हातच्या कामाची मजुरी तुला ठाऊक आहे. लिहून पोट भरणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या बोटांना बळ दे, त्यांची मजुरी त्यांना वेळेवर मिळो. ज्यांच्याकडे ती अडली आहे, त्यांच्या मनाला जाग दे. जे आम्ही पाहिले नाही ते पाहिले म्हणण्याच्या मोहातून आम्हांला सोडव, आणि नाही म्हणताना घरात जी ओढ पडेल, ती सोसण्याइतके धैर्य व सोबत दे. आजारी असलेल्या, आशेने प्रत्येक ओळ वाचणाऱ्या सर्वांना खऱ्या शब्दापर्यंत ने. आमेन.